तुकड्यांनी आलेला मजकूर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहेर पडलेल्या गिरिजाबाई नईमला पाहून हसल्या, आणि त्या हसण्यानंच त्याचा त्यांच्यावरचा संशय पक्का झाला. जिची नोकरी आपल्यामुळे पाच दिवसांपूर्वी गेली ती बाई भर नवी पेठेत, शनिवारच्या दुपारी, रिक्षावाल्यांच्या ओरड्यात आपल्याला ओळख देते आणि वर हसते, म्हणजे तिच्या मनात काहीतरी शिजतंय, असं त्याला वाटलं. शिवाय डोळ्यांचा डॉक्टर! हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात सव्वीस वर्षं टायपिंग केलेली बाई, चुका केल्या म्हणून घरी बसवलेली, ती पाचव्या दिवशी डोळे तपासून घेते ते काय उगीच? सर्टिफिकेट गोळा करत असणार. डोळे चांगले असल्याचा कागद हातात आला की वकील, मग नोटीस, मग चौकशी, आणि चौकशीत पहिलं नाव कुणाचं, तर यादी काढून देणाऱ्या नईमचं. माणसाचं मन एकदा या वाटेला लागलं की ते रिक्षा करूनच निघतं, पायी जात नाही. नईम साडीच्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला.

"नईमभाऊ, हिकडं कुटं?" गिरिजाबाई जवळ आल्या.

"समराच्या गॅदरिंगला हिरवी ओढणी पाहिजे म्हणून आलोय, मावशी." लेकीचं नाव घेतल्यावर त्याला लगेच पश्चात्ताप झाला. या बाईला आपल्या घरची माहिती कशाला द्यायची?

"मी डोळे दाखवायला आलते. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत हायत. नंबरबी तोच हाय म्हणं."

"बरं झालं की मग."

"काय बरं, भाऊ? दोष निघाला असता तर बरं वाटलं असतं. आता माझं चुकलं कुटं तेच कळंना की." त्या हे अशा सुरात म्हणाल्या की जणू आमटीत मीठ का कमी पडलं ते विचारत होत्या. "त्या केराबाईचं मला चांगलं याद हाय. जेऊरची बाई, लेकीकडं आलेली. पेनिसिलिन लिवलं, मग ते अँडचं चिन्ह टाकलं, मग सल्फा लिवलं. आमच्या टायपिंग क्लासच्या सरांची शिस्त होती ती. दोन नावं जोडायची तर अँडचं चिन्ह. आताच्या पोरी स्वल्पविराम देत्यात, मला ते जमंना. बोटं तिकडंच जात्यात." मग त्यांनी पदर सावरला, शेळगीला जाणारी रिक्षा थांबवली आणि आत बसता बसता पुन्हा हसल्या. "समराला शाबासकी सांगा."

तो दुकानात गेला. दुकानदारानं सात-आठ हिरव्या ओढण्या पुढ्यात टाकल्या. नईम त्यातली एक उचलून उजेडाकडे धरत होता, आणि मनातल्या मनात गिरिजाबाईंचं बोलणं उलटसुलट करून पाहत होता, की यात कुठं मेख आहे. 'अँडचं चिन्ह' हे त्यांनी दोनदा का म्हटलं? मुद्दाम? त्यांना कुणी शिकवून पाठवलं? आणि मग, हातातली ओढणी तशीच उजेडात असताना, ते चिन्ह त्याच्या डोळ्यांपुढे एखाद्या मुंग्यांच्या रांगेतल्या मोठ्या मुंगळ्यासारखं थांबलं. &. त्यानं ओढणी खाली ठेवली. दुकानदार म्हणाला, दुसरा रंग दाखवू का. नईमला तो काय म्हणतोय ते ऐकू आलं, पण कळलं नाही.

त्याचं ऑफिस तिथून चार दुकानं पलीकडे, दागिन्यांच्या पेढीवरच्या दुसऱ्या मजल्यावर. विरुपाक्ष सरांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी, अकरा माणसं, शनिवारी दुपारनंतर कुणी नाही. जिना चढताना त्याला गेल्या दहा दिवसांचा सगळा हिशेब पुन्हा दिसू लागला. केराबाईला हॉस्पिटलात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तोंड सुजलं, श्वास अडकला, दोन दिवस आयसीयूत काढून बाई वाचली. जुन्या केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं, पेनिसिलिन आणि सल्फा दोन्ही चालत नाहीत. नव्या स्क्रीनवर मात्र नुसतं सल्फा. मग हॉस्पिटलनं लाल चिकटपट्टीवाले, म्हणजे एखादं औषध न चालणाऱ्या पेशंटांचे, सगळे केसपेपर काढून स्क्रीनशी ताडून पाहिले. त्रेचाळीस ठिकाणी तफावत निघाली. मॅनेजरनं नईमला विचारलं, या नोंदी टाइप कुणी केल्या, तेवढं काढून दे. नईमनं दहा मिनिटांत काढून दिलं. एक्केचाळीस गिरिजाबाईंच्या. यादीची प्रिंट काढताना त्याला, खोटं कशाला बोला, मनातून बरं वाटलं होतं. एकच माणूस, एकच नाव, काम फत्ते. उरलेल्या दोन नोंदी दुसऱ्या मुलींच्या नावावर होत्या, आणि त्या विचित्र होत्या. एकीत 'निसिलिन' एवढंच उरलेलं. शब्द मधूनच तोडलेला. असं कुठलं माणूस टाइप करेल? तेव्हा त्यानं स्वतःशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं, की बाई दुसऱ्यांच्या लॉगिनमध्ये शिरत असतील. संशयाला एकदा आसन दिलं की तो ताटही मागून घेतो. पण तेव्हा हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

आता काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर नईमला त्या चार दुकानांच्या अंतरात घाम का फुटला ते कळणार नाही. हॉस्पिटलचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवं घ्यायचं होतं. जुन्यातली अठरा वर्षांची माहिती एका एक्सएमएल फाइलमध्ये बाहेर काढली होती. ही फाइल म्हणजे एकात एक ठेवलेल्या डब्यांची उतरंड, प्रत्येक डब्यावर सुरुवातीची एक चिठ्ठी, शेवटची एक चिठ्ठी, आणि मध्ये माल. ती इतकी मोठी होती की सगळी एकदम मेमरीत घ्यायची म्हटलं तर कॉम्प्युटर गुडघे टेकायचा. म्हणून नईमनं दुसरी पद्धत घेतली, जिला या धंद्यातले लोक इव्हेंटवर चालणारी म्हणतात. वाचणारा प्रोग्रॅम फाइल पहिल्या अक्षरापासून वाचत जातो आणि नुसती हाक देतो. डबा उघडला. मजकूर आला. डबा मिटला. मागं वळून पाहत नाही, काही लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेवायचं काम तुमचं. त्यासाठी तयार हेल्पर क्लास, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला साचा, मिळतो, त्यात प्रत्येक हाकेसाठी एक रिकामी जागा असते, ती तुम्ही भरायची. आणखी काही हेल्पर फंक्शन असतात, घरातल्या कामसू माणसांसारखी, दिसत नाहीत पण सगळं त्यांच्यावर चालतं. त्यातलंच एक त्या & चिन्हाला फाइलमध्ये जाताना सुरक्षित पोशाख चढवतं, कारण उघडं & तिथं चालत नाही, आणि बाहेर येताना पोशाख उतरवला जातो. या पोशाखापाशी वाचणारा जरा अडखळतो. मजकूर एकदम न देता तुकड्यांनी देतो. 'पेनिसिलिन', मग '&', मग 'सल्फा'. तीन हाका. हे त्याच्या नियमात लिहिलेलं आहे. मजकूर एका हाकेत येईल असं वचन कुणी कधी दिलेलंच नाही. डबा मिटल्याची हाक येईपर्यंत तुकडे जोडत राहायचं असतं.

नईमनं खुर्चीवर न बसता, उभ्यानंच मशीन चालू केलं. आपण काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं, तरी पाहिलं. मजकुराच्या जागेत एकच ओळ. आलेला मजकूर घ्या, ठेवा. जोडा नव्हे, ठेवा. म्हणजे दुसरा तुकडा आला की पहिला गेला, तिसरा आला की दुसरा गेला. चाचणी घेताना त्यानं दहा नोंदी चालवल्या होत्या. दहाही बरोबर आल्या होत्या, कारण त्या दहांत & नव्हतं. आणि ते 'निसिलिन'? वाचणारा फाइल ठराविक मापाचे घास घेऊन वाचतो. तो शब्द दोन घासांच्या सीमेवर सापडला आणि तुटला. एवढंच. त्या मुलींनीही काही केलं नव्हतं, गिरिजाबाई त्यांच्या लॉगिनमध्ये शिरल्या नव्हत्या. मग त्यानं ते केलं जे दहा दिवसांपूर्वी करायचं होतं. मूळ फाइल उघडली. ती सगळा वेळ याच मशीनवर पडलेली होती, त्याच्याच फोल्डरमध्ये. केराबाईचं नाव शोधलं. तिथं सगळं होतं. पेनिसिलिन होतं, पोशाख घातलेलं & होतं, सल्फा होतं. गिरिजाबाईंची बोटं जिकडं जातात तिकडंच गेली होती. नईम मटकन खुर्चीत बसला. त्याला लाज वाटली, नुसती लाज, कानापर्यंत चढणारी.

त्यानं ती ओळ दुरुस्त केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग अख्ख्या फाइलवर पडताळणी चालवली, आणि तिनं दिलेला आकडा त्यानं दोनदा वाचला. तुटलेल्या जागा पावणेतीन हजार. हॉस्पिटलनं फक्त लाल पट्टीचे कागद पाहिले होते. बाकी आजारांची नावं, औषधांची नावं, जुन्या शस्त्रक्रिया, सगळीकडे शेवटचा तुकडा तेवढा उरलेला. त्यानं विरुपाक्ष सरांना फोन लावला. सर अक्कलकोटला कुठल्याशा लग्नात होते, मागं सनई वाजत होती. सगळं ऐकून ते मांडवाबाहेर आले.

"दुरुस्त झालं ना? मग आजच्या आज गपचूप अपडेट टाक. वर्जन नंबर वाढीव. विषय संपला."

"सर, गिरिजाबाई घरी बसल्यात."

"ती बाई दोन वर्षांत रिटायरच होणार होती की. आणि तिनं सही करून दिलंय, माझ्याकडून चूक झाली असावी म्हणून. मॅनेजरनं मला कागद दाखवलाय. तू कशाला मधे घुसतोस? हे बाहेर गेलं तर कंपनी उरत न्हाय, आणि पहिला तू जाशील. तुला तर म्हाईतच हाय, नवीन ठिकाणी तुला किती प्रश्न विचारत्यात ते."

ते शेवटचं वाक्य सरांनी धमकी म्हणून म्हटलं की काळजीनं, हे नईमला ठरवता आलं नाही. सर वाईट माणूस नव्हते. पण तो फोन ठेवल्यावर त्याला जुळे सोलापूरमधले ते तीन फ्लॅट आठवले. फोनवर रिकामे असायचे आणि त्यानं पूर्ण नाव सांगितलं की आत्ताच गेले असायचे. चौथ्यानं दिला, पण पहिलं वर्षभर वरच्या मजल्यावरून कुणीतरी तो येताजाताना गॅलरीत उभं राहायचं. संशयाचा वास नईमला लांबून यायचा, पावसाआधी काही जणांचे गुडघे दुखतात तसा. याचा त्याला थोडा अभिमानही होता. आणि एवढं नाक असलेला माणूस, स्वतः कुणावर तरी संशय घेत होता तेव्हा त्याला कसलाच वास आला नाही. उलट ते त्याला पुरावा वाटलं, हुशारी वाटली.

घरी ओढणी न्यायची राहिली म्हणून समरा रुसली. बायकोनं, शमशादनं, ताट वाढताना एकदा त्याच्याकडे आणि एकदा त्याच्या पालथ्या ठेवलेल्या फोनकडे पाहिलं. "काय को इत्ते चुप बैठे जी? किसका फोन था?" तो म्हणाला, ऑफिसचा. ती म्हणाली, हाँ, ऑफिसकाच होंगा. तिच्या 'हाँ'मध्येही त्याला काहीतरी दिसलं. आज त्याला सगळ्यांत काहीतरी दिसत होतं. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की आपण पहिला अर्धा भाग सांगून थांबतोय, तिच्या चेहऱ्याकडे पाहतोय, आणि तेवढ्यावर ती काय म्हणणार ते आधीच ठरवतोय. शमशादनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "वो बाई को कौन बोला अब्बी तक?" नईमला त्याचे वडील आठवले. गैबीसाब ट्रक चालवायचे, चादरींचे गठ्ठे घेऊन. एकदा उतरवताना एक गठ्ठा कमी भरला. गिरणीच्या मुकादमानं सगळ्यांसमोर त्यांची केबिन उघडून गादीसुद्धा उलटी करून पाहिली. गठ्ठा दोन दिवसांनी गिरणीतच मिळाला, शिडीमागं. ही गोष्ट गैबीसाबना एका हमालाकडून कळली, तीन महिन्यांनी. मुकादम रोज भेटायचा, चहाही पाजायचा, पण ते एक वाक्य कधी बोलला नाही. गैबीसाब मरेपर्यंत गाडी उभी केली की केबिनचं दार उघडं ठेवायचे. लहानपणी नईमला वाटायचं, अब्बांना उकडतं.

रविवार त्यानं स्वतःवर पहारा देण्यात घालवला. त्याला स्वतःचा भरवसा वाटेना. सोमवारी ऑफिसात गेलो की सर समजावतील, चहा येईल, कुणीतरी म्हणेल की एकदा दुरुस्त झालंय ना, आणि आपल्याला ते पटेल. हे पटणं त्याला आतापासून दिसत होतं. म्हणून जेवणं झाल्यावर त्यानं हॉस्पिटलच्या मॅनेजरला सविस्तर मेल लिहिला. चूक माझ्या प्रोग्रॅममधली आहे, टाइप करणाऱ्या कुणाचीही नाही. सोबत पावणेतीन हजार जागांची यादी जोडली आणि लिहिलं, की या दुरुस्त होईपर्यंत डॉक्टरांनी कागदच पाहावा. सरांना प्रत लावली. पाठवायचं बटण दाबायला त्याला ओळ दुरुस्त करायला लागला त्याच्या दसपट वेळ लागला. सोमवारी सकाळी सरांचा दोन शब्दांचा निरोप आला, येऊ नकोस. मॅनेजरचा फोन आला. ते म्हणाले, यादीचं काम आजच सुरू करतो, बाकी कमिटीपुढं ठेवतो, पण लेखी निर्णय होईतो मी गिरिजाबाईंना काही कळवू शकत नाही. नईमनं मूळ फाइलमधल्या केराबाईच्या नोंदीची प्रिंट खिशात घातली आणि स्कूटर शेळगीकडं वळवली.

दार गिरिजाबाईंच्या सुनेनं उघडलं. गुरम्मा तिचं नाव. तिनं त्याला खालून वर पाहिलं, नाव विचारलं, आणि आत कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. गिरिजाबाई लगबगीनं बाहेर आल्या, खुर्ची पुसली, चहा टाकायला लावला. आतल्या खाटेवर त्यांची नात पायल पांघरूण घेऊन पडली होती. तापानं तिचे गाल लाल झाले होते. नईमनं चहाची वाट पाहिली नाही. त्यानं सांगितलं. घरून ठरवून आलेली वाक्यं सोडून दिली आणि जसं सुचलं तसं सांगितलं, की मावशी, तुम्ही बरोबर टाइप केलं होतं, मी लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्या शब्दांचे तुकडे टाकून देत होता, केराबाईचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि तुमचं नावही मीच दिलं, न तपासता.

गिरिजाबाई मान हलवत ऐकत होत्या. तो थांबल्यावर त्यांचे डोळे भरले. "गुरम्मा, ऐकलंस का गं?" त्यांनी आत पाहून म्हटलं. "माझ्यासाठी सोताच्या अंगावर घेतोय ह्यो."

"अंगावर घेत नाही, मावशी. माझंच आहे ते."

"व्हय व्हय. तुमी असं का म्हणताय ते मला कळतंय की. परवा पेठेत भेटले तवा तुमचं त्वांड बघितलं मी. लई उतरलं होतं. तवाच म्हटलं, ह्या पोराला माझं वाईट वाटतंय."

त्यानं प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. नोंदीवर बोट ठेवून दाखवलं, हे पेनिसिलिन, हे तुमचं चिन्ह, हे सल्फा, ही तुमची तारीख. गिरिजाबाईंनी कागद लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला, आणि घडी घालून त्याला परत दिला. "हे तुमी आता टाइप करून आणलं असंल," त्या मायेनं म्हणाल्या. "नका एवढं करू, भाऊ. तुमची पोरं लहान हायत. मी त्यांना सही करून दिलीया. सव्वीस वर्षांत पहिली चूक झाली म्हणायचं. वय झालं की हुतं असं."

"मावशी, समराची शपथ घेऊन सांगतो."

"लेकराची शपथ नका घालू." त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा कठोर झाला. त्या उठल्या, कोनाड्यातली औषधाची बाटली घेऊन आल्या आणि त्याच्यापुढं धरली. "त्यापरीस हे वाचा. पायलला किती द्यायचं लिवलंय?"

नईमनं बाटली घेतली. चिठ्ठीवरचं सगळं वाचलं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, वय, वेळा, माप, मग पुन्हा वरून. "पाच मिली," तो म्हणाला. "दिवसातून तीनदा."

"मलाबी पाचच दिसलतं," गिरिजाबाई म्हणाल्या. मग बाटली त्याच्या हातातून घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारापाशी गेल्या. "गुरम्मा, तू एकदा बघून सांग गं."

गुरम्मा पदराला हात पुसत आली.